बांडी

डिसेंबर. विधानभवनामागच्या इमारतीत
हंगामी भाषांतरकारांची खोली :
तीन टेबलं, एक हीटर, तोही बारा वाजेपर्यंतच.
गुल्हाने साहेब उभ्या उभ्या चिठ्ठी ठेवतात.
अधिवेशन कर्टेल होतंय. मराठी मसुदा द्या.
पंधरा मिनिटं.

मी लिहिते, 'आटोपते घेण्यात येत आहे.'
साहेब म्हणतात, लग्नाची पंगत वाटते.
'गुंडाळण्यात' तर पेपरवाले लिहितील, आपण नाही.
'छाटण्यात' नको, कुणी छाटलं असं विचारतात लोक.
'संक्षिप्त' बघा.
बघते. 'संक्षिप्त'ला हात नाहीत,
त्यामुळे कात्रीही नाही.

ते चहाला जातात. मी कपाटावरचा जाडा कोश काढते.
कर्टेल. मूळ : कर्टल.
म्हणजे शेपूट छाटलेला घोडा.

मी खुर्चीत सावरून बसते.

शब्दाला आधी शेपूट नव्हतंच म्हणे.
लॅटिनमधलं काहीतरी आखूड
फ्रेंचांच्या तबेल्यातून इंग्रजांकडे आलं, नुसतं कर्टल.
मग लोकांच्या कानांना वाटलं,
शेपटाची गोष्ट आहे तर शब्दात शेपूट पाहिजे.
टेल.
दिलं लावून.
घोड्याचं गेलं ते शब्दाला मिळालं.

आणखी खाली, बारीक टायपात,
फार जुना एक धातू : कापणे.
त्याच घरातल्या आपल्या कर्तन, कातर, कात्री.
म्हणजे साहेब, शब्द परका नाही हो,
परकं फक्त शेपूट.

आमच्या घरी होती एक.
कामठीच्या लिलावातून बाबांनी आणलेली घोडी,
इतवारी स्टेशन ते बडकस चौक, तीन सवाऱ्या, चौथी पायरीवर.
तिचं आधीचं नाव काही इंग्रजी असेल,
कागद मिळाला नाही.
आम्ही बांडी म्हणायचो.
कापलं कशाला? शान म्हणून? दोरात अडकू नये म्हणून?
लिलाववाला म्हणाला, ऐसाइच आया.

मे महिना, शेचाळीसच्या वर.
किराणा ओळीत गुळाच्या ढेपांवरून उठलेल्या माश्या
सरळ तिच्या पाठीवर.
ती कातडी थरथरवायची,
मग तो वीतभर खुंट हलवायची
इकडे
तिकडे
आणि पोचायचा नाही कुठेच.
बाबांच्या एका हातात लगाम, दुसऱ्यात दुपट्टा,
महालापर्यंत माश्याच हाकलत.
सवाऱ्या हसायच्या.
'शेपूट कापलं तिचं,' बाबा मागे न बघता म्हणत,
'माश्या थोड्याच कापल्या, बाप्पा!'

चौदा मिनिटं.
टेबलावर उरलेल्या प्रश्नांचा गठ्ठा,
मीच भाषांतर करून ठेवलेला, काल रात्री साडेअकरापर्यंत :
भिवापूरकडच्या एका आश्रमशाळेचं पाणी.
नाग नदीकाठच्या वस्तीतला ताप.
कुणा विमल सोनटक्केंची नऊ वर्षांची पेन्शन,
जिच्यासाठी मी 'प्रलंबित' लिहिलं होतं
आणि मग 'अद्याप' जोडलं होतं, उगाच,
शेपटासारखं.
आता यातलं काही पटलावर येणार नाही.
आहे तिथेच बसून राहील, पाठीवर.

साहेब येतात. मी कागद देते.
'अधिवेशनाचा कालावधी संक्षिप्त करण्यात येत आहे.'
छान, म्हणतात. सही करतात.
तुमचं मानधनही मग शुक्रवारपर्यंतचंच.
सांगायचं राहिलं.

बाहेर सिव्हिल लाइन्सवर कातरवेळ झालेली.
हा कातर वेगळा, त्या कातरीचा कुणी नाही,
कोशात दोघांची ओळखसुद्धा नाही.
लाल दिव्यांची रांग विमानतळाकडे चाललेली.
बसस्टॉपवर मी एकटी,
आणि माझा उजवा हात
थंडीत एकही माशी नसताना
खांद्यापर्यंत जातो,
दुपट्टा शोधतो.